तीन गाड्या, एक आवाज

आज दुकानात इतकी शांतता आहे की मलाच करमत नाही! काल संध्याकाळी प्रचार संपला, उद्या विधानसभेचं मतदान, आणि मधला हा एक दिवस म्हणजे आम्हा भोंगेवाल्यांची सक्तीची सुट्टी. सगळे भोंगे गावोगावहून परत आलेत, धुळीने माखलेत, आणि एकेक पुसायला घेतला की त्याच्यासोबत एकेक किस्सा आठवतो. आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. भोंगा जाताना एकटा जातो, येताना चार गावचं काहीतरी घेऊनच येतो.

माझं करडीला साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न, तेरवी, नाटक, सभा, काहीही असो, आवाज आमचा! निवडणूक लागली की मतदारसंघातले तिन्ही मोठे उमेदवार माझ्याकडेच येतात. एकाला सगळे 'भाऊ' म्हणतात, दुसऱ्याला 'साहेब', आणि तिसऱ्या आहेत 'ताई'. त्यांची पूर्ण नावं पोस्टरवर असतात, आम्हाला त्यांची गरज पडत नाही. "भाऊची गाडी निघाली का? ताईचा भोंगा लावला का?" एवढ्यावर आमचं काम भागतं.

आमच्या गोटात मी, गाडी चालवणारा देवचंद, आणि आमचे तुळशीरामजी. तुळशीरामजींनी साठी ओलांडली आहे. झाडीपट्टीच्या नाटकांत बापाची आणि राजाची कामं करतात, आणि निवडणूक आली की प्रचाराचं अनाउन्सिंग. वैनगंगेच्या या काठावर बोलले तर त्या काठावरची म्हैस मान वर करते, असा आवाज! निदान मागच्या निवडणुकीपर्यंत तरी होता.

*

आधी मागच्या वेळचाच किस्सा सांगतो.

तिन्ही उमेदवारांना आवाज तुळशीरामजींचाच हवा होता. आता माणूस एक आणि गाड्या तीन! मग त्यांनी दुकानात बसून तिघांचंही रेकॉर्डिंग करून दिलं. आणि गंमत म्हणजे तिघांचंही अगदी मनापासून. भाऊंचं बोलताना साहेबांना 'निष्क्रिय' म्हणाले, साहेबांचं बोलताना भाऊंना 'थापाडे' म्हणाले, आणि ताईंचं बोलताना दोघांनाही 'एकाच माळेचे मणी' म्हणून टाकलं. तिन्ही वेळा डोळ्यांत पाणी होतं.

एक दिवस मोहाडीकडच्या एका गावात, धान कापणीच्या दिवसांत, गल्लीत हार्वेस्टर अडकला. मागे भाऊंची गाडी, पुढून साहेबांची, आणि बाजूच्या बोळातून ताईंची. कोणालाच हलता येईना! तिन्ही भोंगे चालू, आणि तिन्हींतून तुळशीरामजी!

"या निष्क्रिय माणसाला घरी बसवा!"

"या थापाड्याला धडा शिकवा!"

"बंधू-भगिनींनो, हे दोघंही एकाच माळेचे मणी आहेत!"

सगळं गाव ओट्यावर येऊन बसलं. कोणीतरी मुरमुरे आणले. तुळशीरामजी नेमके त्या दिवशी देवचंदच्या शेजारी बसलेले होते. एका म्हाताऱ्या आजीने काठी टेकत टेकत येऊन खिडकीतून आत पाहिलं, आवाज ओळखला आणि म्हणाली, "काऊन गा बाबू, एकटाच कायले भांडून राहिला? आधी घरी जाऊन तुमच्या तिघाइचं पटवून घे, मंग ये मत मांगाले!"

*

तर असा हा माणूस. आणि यंदा त्यांना कोणीच बोलावलं नाही.

झालं असं की दिवाळीच्या सुमारास धानाच्या चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, धुळीने त्यांचा घसा बसला. आठवडाभर नुसता खरखर आवाज. आमच्या भागात एवढं पुरतं. एका गावात खोकला आला की दुसऱ्या गावात तेरवीची चौकशी होते! 'तुळशीरामचा आवाज गेला' ही बातमी सिहोऱ्यापर्यंत पोचली. भाऊंचा पीए प्रीतम दुकानात आला आणि टेबलावर पेनड्राइव्ह ठेवून म्हणाला, "बंडूभाऊ, यंदा सगळं नागपूरच्या स्टुडिओतून रेकॉर्ड करून आणलं. प्रोफेशनल! हेच वाजवायचं." साहेबांचा आणि ताईंचाही पेनड्राइव्ह त्याच आठवड्यात आला. तिन्हींत एका मुलीचा गोड गोड आवाज होता, आणि मागे म्युझिक.

तुळशीरामजी तेव्हा दुकानातच बसले होते. चहा अर्धा ठेवून उठले.

खरी भीती निवडणुकीची नव्हती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे दिवसा बाजार, दंडारीची नाचगाणी, पाहुणेरावळे, सोयरिकीच्या गोष्टी, आणि रात्री नाटक. यंदा आचारसंहितेमुळे आमच्या गावची मंडई मतदानानंतर ढकलली होती. नाटक ठरलं होतं आणि त्यात बापाचं काम वर्षानुवर्षं तुळशीरामजींचं. पण मंडई कमिटीचे अध्यक्ष यादोरावजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बंडू, आवाज आला तर ठीक, नाई तं वडशाच्या नाटक कंपनीतून दुसरा नट आनाचा म्हनतो मी. आता प्रचारात बी नाई बोलावलं त्याईले. लोक का म्हनतीन?"

मी म्हटलं, "थोडं थांबा जी. घसाच बसला, मानूस नाई बसला."

"मी थांबतो, पन तारीख थांबते का?" असं म्हणून ते गेले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, हे खरं सांगतो.

*

त्या स्टुडिओच्या रेकॉर्डिंगने मात्र आमची करमणूक भरपूर केली!

पहिल्याच दिवशी देवचंद भाऊंची गाडी घेऊन धानाच्या बांध्यांमधून चालला होता. दोन्ही बाजूंना कापणी चालू, बायका वाकलेल्या, आणि भोंग्यातून ती मुलगी गोड आवाजात सांगते आहे, "नागरिकांनो, पार्किंगची समस्या आता कायमची सुटणार! मेट्रोने येणं-जाणं होणार सुखकर!"

नागपूरच्या कोणत्या तरी उमेदवाराची फाइल आमच्या पेनड्राइव्हमध्ये आली होती. देवचंदला वाटलं, भाऊंनी नवीन आश्वासन दिलं असेल. त्याने आवाज आणखी वाढवला!

बांधावर एक शेतकरी उभा होता, शेजारी त्याची बैलबंडी. त्याने हात करून गाडी थांबवली. म्हणाला, "भाऊले सांग, बंडीच्या पार्किंगची काई अडचन नाई आपल्याले. मोहाच्या झाडाखाली राहते ते. पानी येऊन राहिलं वाटते, कापलेला धान कुठं पार्क करू, ते इचार!"

*

पवनीकडचा मतदारसंघ वेगळा, तिथला साउंडवाला माझा जुना दोस्त आहे. रोज रात्री जेवणानंतर फोन करून आम्ही एकमेकांना दिवसाची बातमी देतो. त्याच्याकडच्या एका उमेदवाराने पोस्टरवर आपल्या लग्नाच्या काळातला फोटो टाकला होता. काळेभोर केस, बारीक मिशी, गाल एकदम चकाचक!

एका गावात सभा होती. हा माणूस वेळेआधीच पोचला, ही त्याची चूक. मंडपात येऊन पुढच्या खुर्चीवर बसला. कार्यकर्ता धावत आला, पोस्टरकडे बघितलं, याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काकाजी, थोडं मांगं सरका ना, उमेदवार येऊन राहिले!"

दोस्त म्हणतो, तो बिचारा खरंच मागे सरकून बसला.

*

मयतीचा किस्सा सांगू की नको, असं वाटत होतं. पण त्या घरचा मुलगाच काल मला सांगून हसला, म्हणून सांगतो.

आमच्यात रीत आहे की, ज्या गल्लीत मयत झालेली असेल तिथे भोंगा बंद करायचा आणि ड्रायव्हरने उतरून हात जोडायचे. देवचंद ताईंची गाडी घेऊन चालला होता. एका घरापुढे गर्दी दिसली. त्याने भोंगा बंद केला, उतरला, हात जोडले. गेलेले बाबाजी जुने कार्यकर्ते होते, आयुष्यभर पक्षासाठी सायकलवर फिरले. माणसं शेतावर गेलेली, खांदेकरी कमी. कोणीतरी देवचंदला म्हणालं, "भाऊ, थोडा खांदा देता का?" तो नाही कसा म्हणेल? दिला.

इकडे गल्लीत ताईंचे फोटो लावलेली गाडी उभी. वाऱ्यासारखी बातमी पसरली, 'मयतीत ताईंची गाडी पोचली!' भाऊंच्या माणसांनी भाऊंना फोन केला. भाऊ प्रचार सोडून निघाले. साहेबांना कळलं की भाऊ निघाले, तेही निघाले. आणि ताईंना कळलं की आपली गाडी तिथे आहे आणि आपणच नाही! त्याही आल्या. अर्ध्या रस्त्यात तिरडीभोवती हीऽ गर्दी! भाऊ एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला, ताई हात जोडून पुढे, आणि मधे देवचंद, ज्याला आता खांदा सोडताही येईना.

घाटावर सगळे तोंड पाडून उभे होते. तेव्हा मुलाने डोळे पुसले आणि म्हणाला, "बाबानं जन्मभर पार्टीसाठी जीव टाकला, पन तिन्ही पार्ट्याइले एका रस्त्यानं चालवलं ते आजच!"

*

आमच्या घरचं एक छोटंसं.

माझी बायको मंदा. तिन्ही उमेदवारांकडच्या बायका घरी येऊन गेल्या, तिन्हींना तिने चहा दिला, तिन्हींना 'हो हो' म्हटलं. मला झोप येईना! म्हटलं, "मंदा, मले तरी सांग, कोनाले देनार?"

"मत गुप्त राहते."

"अवं पन मी नवरा आहो तुहा!"

ती भांडी घासत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "तुमी तिघाइलेही भोंगे देऊन राहिले, मी इचारलं का तुमाले, कोनाचा भोंगा मनापासून लावला म्हनून?"

मी भांडी पुसायला घेतली.

*

साहेबांचं एका मंडईत काय झालं ते ऐका! ही मंडई दिवसाचीच होती. साहेब हात जोडत जोडत बाजारातून फिरत होते. दंडार चाललेली, जावई-पाहुणे नवीन कपड्यांत, सगळीकडे सोयरिकींची बोलणी. साहेबांनी पंचविशी-तिशीतल्या पाच-सहा पोरांचा घोळका बघितला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "बोला, तुमच्यासाठी काय करू? रस्ता? तलावाचं पाणी?"

एक पोरगा पुढे आला. "साहेब, रस्त्याचं पाहू आमी. पोट्टी पाहून द्या!"

सगळा बाजार हसला. पण पोरगा हसत नव्हता. "खरंच सांगून राहिलो जी. शेती हाये, बैल हाये, घर हाये. पन शेतकऱ्याले पोट्टीच देत नाई कोनी. नोकरीवाला पाह्यजे सगळ्याइले."

साहेब मुरलेले राजकारणी. म्हणाले, "नक्की प्रयत्न करू!" आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या प्रचार कार्यालयासमोर रांग! कार्यकर्त्यांना वाटलं, पक्षप्रवेश आहे. तर सगळे बाप बायोडाटा घेऊन आलेले! मागून मुलींचे बापही यायला लागले, कारण 'साहेबांकडे मुलं आहेत' ही बातमी तेवढ्याच वेगाने गेली होती. कार्यालयातल्या माणसांनी बूथचं काम बाजूला ठेवलं आणि पत्रिका जुळवायला घेतल्या. काल देवचंद भोंगा काढून आणायला तिथे गेला, तेव्हा दोन सोयरिकी पक्क्या झाल्या होत्या. तो म्हणाला, "बंडूभाऊ, साहेब निवडून येतीन का नाई, सांगता येत नाई. पन उन्हाळ्यात फेटा बांधून फिरतीन, हे फिक्स!"

*

मधे एक दिवस मात्र वाईट गेला.

मंडईच्या नाटकाचं सामान दुसऱ्या गावाहून आणायचं होतं, आणि सगळ्या नाटकांचं सामान एकाच ट्रंकेत राहतं. मी, देवचंद आणि तुळशीरामजी गाडी घेऊन निघालो. परत येताना तपासणी नाक्यावर अडवलं. निवडणुकीच्या दिवसांत गाडीत काय आहे ते बघतातच. नाक्यावरच्या साहेबाने ट्रंक उघडायला लावली आणि तीन पावलं मागे सरकला!

आत तलवारी.

"हे काय आहे?"

देवचंद म्हणाला, "राजाचं सामान हाये जी."

"कोणत्या राजाचं?"

"ते अजून ठरलं नाई. नाटकावर हाये."

नाक्यावर धावपळ सुरू झाली! व्हिडिओवाला आला. तलवारी बाहेर काढल्या, तर लाकडाच्या, वर चांदीचा कागद. मग मुकुट निघाला, मग मिशांची थैली. एक हवालदार मिशी लावून बघत होता, त्याला साहेबाने झापलं. मुकुट ठेवायचा की सोडायचा हे कोणाला कळेना, म्हणून साहेबाने वर फोन लावला. वरच्यांनी विचारलं, "माणसं नट आहेत याला पुरावा काय?"

साहेब तुळशीरामजींकडे वळला. "तुम्ही नट ना? बोला बरं एक डायलॉग."

तुळशीरामजी सरळ उभे राहिले. छाती भरून घेतली. तोंड उघडलं, आणि आवाज निघाला तो एवढासा, फाटका. पुन्हा बोलले. पुन्हा तसाच.

साहेब वाईट माणूस नव्हता, पण सहज बोलून गेला, "जाऊ द्या काका, राहू द्या. त्रास नका करून घेऊ."

सोडलं आम्हाला. घर आल्यावर उतरताना तुळशीरामजींनी मला सांगितलं, "यादोरावजीले सांगून दे बंडू. आनाचा तं आनू दे दुसरा मानूस." माझा जीव तुटला. मी यादोरावजींना काही सांगितलं नाही. म्हटलं, दोन दिवस जाऊ दे.

*

आणि आता कालचं! अजून अंगावर काटा येतो, हात बघा माझा!

काल प्रचाराचा शेवटचा दिवस. सिहोऱ्याला भाऊंची सभा, आणि राज्यातले एक मोठे नेते हेलिकॉप्टरने येणार. दुपारची वेळ दिलेली. मैदान फुल्ल! कापणी सोडून बायका आलेल्या, आमच्या गावचीही ट्रॅक्टर भरून माणसं आली होती, पुढच्या रांगेत यादोरावजी. तुळशीरामजी सहज आमच्या गाडीत बसून आले होते. म्हणाले, "घरी बसून भिंतीसंग बोलू का?" घशाला मफलर, हातात गरम पाण्याची बाटली.

दुपार टळली. हेलिकॉप्टरचा पत्ता नाही. पेनड्राइव्हमधली मुलगी आपली सांगते आहे, "अवघ्या काही क्षणांत आगमन होत आहे!" पाच मिनिटं म्युझिक, की पुन्हा, "अवघ्या काही क्षणांत!" पोट्टे तिच्यासोबत कोरसमध्ये म्हणायला लागले. भाऊंचं भाषण झालं, पुन्हा झालं, त्यांच्याकडचं बोलणं संपलं. जनावरं घरी यायची वेळ झाली. मागच्या बायका पदर झटकून उठायला लागल्या.

प्रीतम घामाघूम होऊन माझ्या मशीनजवळ आला. "बंडूभाऊ, मैदान रिकामं झालं तर माझी नोकरी गेली! काहीतरी करा!"

मी गाडीजवळ गेलो. "तुळशीरामजी, चढता का?"

"पेनड्राइव्ह हाये ना तुमची. तिलेच चढवा."

"लोक उठून चालले जी."

त्यांनी मान वळवून बघितलं. पब्लिक उठून जातंय हे दृश्य त्या माणसाने आयुष्यात सहन केलेलं नाही. मफलर काढला, बाटली माझ्या हातात दिली आणि स्टेजवर चढले.

पहिला शब्द फाटला. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाऽऽज!" पुढच्या रांगेत यादोरावजींनी मान खाली घातली. मी मशीनवरचा आवाज थोडा वाढवला.

तुळशीरामजींनी एकदा इकडेतिकडे बघितलं. स्टेजच्या मधोमध नेत्यांसाठी मखमलीची मोठी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर सत्काराची शाल. ते सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले! प्रीतमने डोक्याला हात लावला. त्यांनी ती शाल अंगाभोवती ओढून घेतली, खांदे पाडले, आणि आमच्या डोळ्यांदेखत आजारी म्हातारा झाले. नाटकातला बाप! मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ज्याने पोरीचं नाव टाकलं, तो बाप. आता तो खोकत होता, आणि तो फाटका आवाज तुळशीरामजींचा राहिलाच नाही, त्या बापाचा झाला.

मान एका बाजूला वळवली की पोरगी. "बाबा, मी आली जी. कडी काढा ना."

दुसऱ्या बाजूला वळवली की बाप. "कोन हाये? या घरात पोट्टी होती माही. ते गेली. आता कोनी नाई."

"बाबा, पायाले काटे रुतले जी. अंधार होऊन राहिला."

उठलेल्या बायका होत्या तिथेच खाली बसल्या. चणे-फुटाण्यांचा ठेलेवाला ठेला सोडून पुढे आला. ती पोरगी रडायला लागली आणि बाप खुर्चीतून उठला आणि ओरडला, "जाऽऽय! जाय म्हनतो ना!" आणि तो आवाज! तोच जुना आवाज, पोटातून आला, मोकळा, भरलेला! भोंगे फाटतात की काय म्हणून मी घाईघाईने मशीन कमी केली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होतो!

आणि नेमकं तेव्हा हेलिकॉप्टर आलं.

एरवी हेलिकॉप्टर आलं की अर्धं मैदान तिकडे पळतं. काल एक माणूस उठला नाही. धूळ उडाली, घरघर घरघर, डायलॉग ऐकू येईना. एक म्हातारी मागे वळून ओरडली, "अरे, थो पंखा बंद करा ना बाप्पा! काई आयकू येऊन नाई राहिलं!"

नेते उतरले. प्रीतम हार घेऊन धावला. नेत्यांनी मैदानाकडे बघितलं, आपल्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, त्याच्या अंगावरची आपली शाल बघितली. तोंड उघडणार, तोच मागून बायका ओरडल्या, "बसा ना जी खाली! दिसत नाई!"

आणि ते बसले! यादोरावजींच्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हार हातात धरून.

बाप दारापाशी आला. कडीला हात लावला. काढला. पुन्हा लावला. पोरगी बाहेर हुंदके देते आहे. अख्ख्या मैदानात कोणाचा खोकला नाही. तिकडे पायलट सूर्याकडे बोट दाखवून हातवारे करत होता, अंधाराच्या आत उडायचं होतं. नेत्यांच्या माणसाने वाकून त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी त्याला हाताने गप्प केलं. पायलट स्वतः आला. शेवटी तुळशीरामजींनाच दया आली. कडीवरचा हात तसाच ठेवून त्यांनी मान वळवली आणि अदबीने म्हणाले, "बाकीचं नंतर. आता साहेबाइचे दोन शब्द आयका."

"अरेऽऽऽ!" सगळं मैदान हळहळलं.

नेत्यांनी माइक घेतला. नमस्कार केला, भाऊंना मत द्या म्हणाले, आणि भाषण संपलं! एवढं छोटं भाषण मी माझ्या भोंग्यांवर कधी ऐकलेलं नाही. मग खाली उतरून झपाझप हेलिकॉप्टरकडे निघाले. पाठीमागे भाऊ, प्रीतम, आम्ही, आमच्या गावची सगळी माणसं. पंखा फिरायला लागला. पायरीवर एक पाय ठेवून नेते थांबले. वळले. गर्दीत तुळशीरामजींना शोधून काढलं आणि हात तोंडाशी नेऊन ओरडले,

"अहो, पण त्याने दार उघडलं का?"

तुळशीरामजी काही बोलायच्या आत यादोरावजी सगळ्यांना ढकलून पुढे झाले. चेहरा लाल, टोपी वाऱ्याने उडालेली, दोन्ही हात वर!

"साहेब, मंडईले या आमच्या! दार उघडते जी, पोट्टीले पोटाशी धरून रडते थो! अन् उघडनारे हेच, आमचे तुळशीरामजी! दुसरा कोनी नाई!"

तुळशीरामजींनी कपाळावर हात मारला.

"अजी यादोरावजी, सगळं नाटकच सांगून टाकलं ना तुमी!"